शेवटचं अक्षर खायचं

रात्री सव्वाअकराला एजन्सीवरून नाव आलं.
फ्रान्सात पहिल्या फेरीत पुढं असलेला कुणी पुढारी,
नऊ इंग्रजी अक्षरं, शेवटी डी.
मी टाइप केलं : लालेमंड.
कानडेसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले,
"हे काय, कुठल्या तेलाचं नाव?"
मुल्ला म्हणाला, "लल्लेमंद करा, मॅडम,
अकलेचा अंदाज येतो."
हसलो. पान एक वाजता सुटणार होतं.

मग अंबादास दुडमांना फोन लावला.
टॉवेलचे नमुने घेऊन ते दोनदा पॅरिसला गेलेले,
आणि एकदा बॅगेत शेंगाचटणीची पुडी फुटली म्हणून
विमानतळावर पाऊण तास उभे राहिलेले.
"डी खायचा," ते म्हणाले.
"एन मात्र गिळू नको.
नाकात धरून ठेव, सर्दीत आंबा म्हणतो तसा.
लालमाँ."
"लालमां?"
"माँ. माँ. तोंड उघडं ठेव की!"
रात्री साडेअकराला
अक्कलकोट रोडवरून एक म्हातारा
आणि नव्या पेठेतून एक बाई
एकमेकांना लालमाँ, लालमाँ म्हणत राहिलो.
मागून त्यांची बायको दचकून विचारत होती,
"एवरु पोयिन्रु?"
कोण गेलं म्हणून.

चंद्रबिंदू दिला. झालं.
पण तो डी डोक्यातून जाईना.
लिहायचा, जपायचा, पिढ्यान्‌पिढ्या दाखल्यावर न्यायचा
आणि म्हणायचा मात्र नाही.
आमच्यात उलटं.
म्याकल म्हणतो सगळे,
पण कागदावर मी मॅकल, माकल, मेकाल,
आणि दहावीच्या गुणपत्रिकेत चक्क मखमल.
वडील राजेशम. रेशनकार्डावर राजेश्याम.
चाळीस वर्षं चादरी विणल्या,
काठातला एक धागा चुकला तर माग थांबवायचे.
नावासाठी कधी थांबले नाहीत.
कारकुनासमोर म्हणायचे, "चालतंय, साहेब."

बारा वाजता दुडमांचाच फोन.
"अर्थ सांगायचा राहिला बघ.
लालमाँ म्हणजे जर्मन.
असाच पलीकडून आला असेल कुणी खापरपणजा,
गावानं हाक मारली, ए जर्मन,
तेच चिकटलं."
मी बातमी परत वर सरकवली.
तिसरा परिच्छेद, भाषणातलं वाक्य,
अवतरणचिन्हांत :
"ज्यांची नावं आपल्या जिभेवर बसत नाहीत
त्यांनी आपल्या गावी जावं."
टाळ्यांचा उल्लेख कंसात होता.

समोर कानडेसाहेब मथळा लहान करत होते.
कानडीचा एक शब्द येत नाही त्यांना.
मागच्या आठवड्यात विडी घरकुलातल्या तेलुगू पाट्यांवर
त्यांनीच अग्रलेख लिहिला होता, चांगला लिहितात.
"नावाचा अर्थ चौकटीत टाकू का?" मी विचारलं.
"जागा कुठाय?
पाणी सहाव्या दिवशी जातंय, ते आत घ्यायचंय."
खरंच नव्हती जागा.
पाण्यानं अडीच कॉलम घेतले.

सकाळी वडील अंगणात,
ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचत होते.
पाण्याचं वाचलं, शिव्या दिल्या.
मग बोट एका चंद्रबिंदूशी येऊन अडखळलं.
दोनदा म्हणून पाहिलं.
"हा कोण?"
"आहे एक. निवडून येईल म्हणतात."
"नाव बरोबर छापलंय का त्याचं?"
"हो. विचारून घेतलं."
त्यांनी कडक भाकरीचा तुकडा चहात बुडवला,
मऊ होईपर्यंत धरून ठेवला.
"मग बरं," म्हणाले.
"बरं वाटेल त्याला."